फिर्यादीपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत: नव्या पोलीस शिपायाने समजून घ्यायचा कायदा

पोलीस भरतीत निवड झालेल्या मुलामुलींना घरचे, मित्र सगळे मैदानाबद्दलच विचारतात. प्रशिक्षण केंद्रात पोचल्यावर मात्र अनेकांची खरी दमछाक वर्गात होते. खंडाळा असो, मरोळ असो, नागपूर किंवा जालना असो, कवायतीला शरीर हळूहळू सरावतं. कायद्याच्या तासाला दखलपात्र, अजामीनपात्र, पंचनामा, मुद्देमाल, रिमांड असे शब्द एकामागून एक आदळू लागले, की परीक्षेपुरतं पाठ करून सुटायचा मोह होतो. तसं पाठ केलेलं पहिल्याच रात्रपाळीत विसरायला होतं.

म्हणून इथे एकच प्रसंग धरून चालू. रात्री साडेनऊला एक बाई ठाण्यात येते. रस्त्याने पायी जाताना मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची सोनसाखळी हिसकावली. ती ठाण्याची पायरी चढते तिथपासून तुम्ही साक्ष द्यायला कोर्टात उभे राहता तिथपर्यंत काय काय घडतं ते क्रमाने पाहू. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे करायचा अधिकार मला कोणत्या कायद्याने दिला? तो कुठे संपतो? आणि याची नोंद कुठे होणार? माझ्या मते प्रशिक्षणातल्या कायद्याचा सगळा गाभा या तीन प्रश्नांत आहे.

पायरी १: आधी पुस्तकं ओळखा

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू आहेत. गुन्हा कशाला म्हणायचं आणि शिक्षा किती, हे भारतीय न्याय संहितेत आहे. पोलिसांनी आणि कोर्टाने काय, कसं, किती वेळात करायचं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. कोर्टात पुरावा म्हणून काय चालतं, हे भारतीय साक्ष्य अधिनियमात. त्यांनी अनुक्रमे १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा घेतली. या तिन्हींच्या वर राज्यघटना, आणि आपल्या दलाच्या रोजच्या कामासाठी १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम.

ठाण्यातले जुने हवालदार अजून 'तीनशे दोन' आणि 'चारशे वीस' म्हणतात. खून आता कलम १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८. तरी जुने आकडे सोडून देऊ नका. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल, तर फिर्याद आज आली तरी दंड संहितेचीच कलमं लागतात, कारण कृत्य घडलं त्या दिवशी जो कायदा होता त्यानेच माणूस दोषी ठरू शकतो. हे घटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आहे.

पायरी २: कलमाचा आकडा नंतर, घटक आधी

प्रत्येक गुन्ह्याचे घटक असतात. ते सगळे जुळले तरच तो गुन्हा. चोरीचे पाहा: वस्तू जंगम हवी, ती कोणाच्या तरी ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा आणि ती नेण्यासाठी हलवलेली असावी. यातला एक घटक निसटला की चोरी निसटली. मित्राची दुचाकी आपलीच समजून कोणी चुकून नेली, तर अप्रामाणिक हेतूच नाही.

आता आपल्या बाईकडे वळू. नुसता हिसका मारून साखळी नेली असेल तर न्याय संहितेचं कलम ३०४ आहे. हे नवं कलम, दंड संहितेत असं वेगळं कलम नव्हतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण साखळी नेण्यासाठी तिला मारलं, ढकलून जखमी केलं किंवा चाकूची भीती घातली असेल, तर ती जबरी चोरी होते, कलम ३०९. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आणि करणारे पाच किंवा अधिक असतील तर तोच प्रकार दरोडा, कलम ३१०. बोलताना लोक या सगळ्यालाच 'लुटलं' म्हणतात. म्हणून तिला शांतपणे विचारायचं असतं: किती जण होते, काय बोलले, हातात काही होतं का, तुम्हाला कुठे लागलं का. तिच्या तोंडी मोठा गुन्हा घालायचा नाही आणि घडलेला मोठा गुन्हा लहानही करायचा नाही.

पायरी ३: फिर्याद

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि कोर्टाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र म्हणजे ज्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. ठाण्याच्या भाषेत 'एनसी'. साधी थोबाडीत मारणं एनसी, धारदार हत्याराने जखम केली तर दखलपात्र. जामीनपात्र आणि अजामीनपात्र ही दुसरी, वेगळी वाटणी आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क, अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या विवेकावर. 'अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही' हा समज मनातून आजच काढून टाका. कोणता गुन्हा कुठे बसतो हे पाहायला नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी तक्ता आहे, तो उघडायची लाज वाटू देऊ नका. त्यात काही बारीक गोष्टी आहेत. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणून चोरीला गेलेल्या मोबाइलची किंमत विचारणं हा चौकशीचाच भाग झाला.

खबर दखलपात्र गुन्ह्याची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे (इथून पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं कलम म्हटलं असेल, तर ते याच संहितेचं समजा). सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात हे स्पष्ट केलं. काही प्रकारच्या प्रकरणांत प्राथमिक चौकशीची वाट आहे. आता तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत ती उरकता येते. पण 'उद्या या', 'साहेब नाहीत', 'ही आमची हद्द नाही' ही उत्तरं त्यात बसत नाहीत. हद्द दुसऱ्या ठाण्याची असेल तर शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करून तो तिकडे वर्ग करायचा असतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर आली तर देणाऱ्याने तीन दिवसांत सही केल्यावर ती नोंदवली जाते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची.

टेबलाजवळ उभ्या असलेल्या नव्या शिपायाला वाटतं, यात माझं काय? ठाणे अंमलदार लिहितील. पण घाबरलेल्या माणसाला आत घेणारे किंवा दारातून परत पाठवणारे पहिले तुम्हीच असता. पाणी द्या, बसवा, ठाणे अंमलदारांपर्यंत न्या. दोन मोटारसायकलस्वारांचं वर्णन लगेच बिनतारीवर गेलं तर नाकाबंदीत सापडायची शक्यता असते. अर्ध्या तासाने तीच माहिती फक्त कागदावर उरते.

लैंगिक गुन्ह्याची फिर्याद पीडितेने आणली तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिर्यादीचा फोटो टाकणंही त्यात येतं.

पायरी ४: घटनास्थळ

फ्रान्समधल्या लिऑन शहरात १९१० साली गुन्हेशोधाची प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या एडमंड लोकार्ड यांचा विचार जगभरच्या पोलिसांना शिकवतात: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की प्रत्येकीवर दुसरीचं काहीतरी राहतं. आरोपी जागेवर काही सोडून जातो, जागेचं काही घेऊन जातो. हेच तुम्हालाही लागू आहे. तुमचा बूट, तुमचा हात, तुम्ही टाकलेलं पाण्याच्या बाटलीचं झाकण, सगळं पुराव्यात मिसळतं.

क्रम असा ठेवा. जखमी असेल तर आधी त्याचा जीव, पुराव्याचा विचार नंतर. मग जागा वेढायची, आणि वाटते त्यापेक्षा मोठी वेढायची, कारण वेढा नंतर लहान करता येतो. तुडवल्यावर मोठा करून उपयोग नसतो. आत जायला एकच वाट ठरवा. कोण किती वाजता आत गेलं ते वहीत लिहा, वरिष्ठ अधिकाऱ्यांचं नावसुद्धा. काही उचलू नका, पंखा बंद करू नका, सांडलेलं पुसू नका. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेला भेट देण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ते येईपर्यंत जागा जशीच्या तशी राखणं हे बहुतेकदा एका शिपायाचंच काम असतं.

पायरी ५: पंचनामा आणि मुद्देमाल

पंचनामा म्हणजे पंचांच्या डोळ्यांसमोर काय दिसलं, काय सापडलं, त्याची तिथल्या तिथे केलेली नोंद. घटनास्थळाचा, जप्तीचा, अंगझडतीचा, प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा, असे त्याचे प्रकार आहेत. दिसलं तेवढंच लिहायचं, निष्कर्ष लिहायचा नाही. 'रक्ताचे डाग' लिहिलंत तर ते रक्तच आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं वकील विचारतात. 'रक्तासारखे लालसर डाग' हे दिसलेलं आहे. तसंच 'सोन्याची साखळी' ऐवजी 'पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी साखळी'. अंतर पावलांत न लिहिता टेपने मोजा, आणि कुठल्या पक्क्या खुणेपासून मोजलं ते लिहा.

पंच स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत. दर वेळी ठाण्यासमोरचा तोच टपरीवाला पंच म्हणून उभा केला की कोर्टात तो 'सवयीचा पंच' ठरतो आणि प्रामाणिक जप्तीही संशयात जाते. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता कलम १०५ प्रमाणे आवश्यक आहे. त्यामुळे मागून घरी बसून पंचनामा लिहिण्याची वाट बंद झाली, आणि हे मला मनापासून चांगलं वाटतं. नीट काम करणाऱ्या पोलिसाला कॅमेऱ्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

जप्त केलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. ती जप्त झाली त्या क्षणापासून कोर्टात उघडेपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेली याची अखंड साखळी दाखवता आली पाहिजे. वस्तू पंचांसमोर सीलबंद करायची, लेबलवर पंचांच्या सह्या, मुद्देमाल रजिस्टरला नोंद, मग मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात. पुढे रासायनिक विश्लेषकांकडे, म्हणजे ठाण्याच्या बोलीत 'सीए'कडे, पाठवायची असेल तर ती घेऊन जाणारा बहुधा शिपाईच असतो. त्याने किती वाजता ताबा घेतला, सील शाबूत होतं का, प्रयोगशाळेची पोच कधी मिळाली, हे सगळं कोर्टात विचारलं जातं. वाटेत एक रात्र पाकीट घरी ठेवलं, एवढ्याने चांगली केस मोडू शकते. मोबाइल, सीसीटीव्ही चित्रण यांना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दुकानदाराकडून चित्रण पेन ड्राइव्हवर घेताना ते प्रमाणपत्रही लगेच मागून घ्या.

पायरी ६: जबाब

साक्षीदाराचा जबाब कलम १८० खाली नोंदवतात. तो त्याच्याच शब्दांत हवा, आणि त्यावर त्याची सही घ्यायची नसते. फिर्यादीवर मात्र सही लागते. ही गल्लत नवखे हमखास करतात. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलं, साठीपुढची माणसं, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तुम्ही त्यांच्या घरी जायचं. बालकांच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात, २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, मुलाचा जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

पायरी ७: अटक

समजा नाकाबंदीत एक संशयित मिळाला, वर्णन जुळतं, खिशात तुटलेली साखळी आहे. इथे सगळ्यांत जास्त घाई होते आणि इथेच सगळ्यांत जास्त जबाबदारी असते, कारण तुम्ही एका माणसाचं स्वातंत्र्य काढून घेत आहात.

पहिली गोष्ट: अटक करता येते म्हणजे ती करायलाच हवी असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची, याची कारणं कलम ३५ मध्ये दिली आहेत: पुन्हा गुन्हा करू नये, तपास नीट व्हावा, पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये, कोर्टात हजेरीची खात्री व्हावी. यातलं कोणतं कारण लागू आहे ते लेखी नोंदवावं लागतं. कारण नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने यंत्रवत अटकेला चाप लावला. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात व्यक्ती आजारी-दुर्बल किंवा साठीपुढची असेल, तर उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही.

अटक करताना तुमच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेची कारणं सांगायची, आणि सर्वोच्च न्यायालयाचा आग्रह आता ती लेखी द्यावीत असा आहे. अटकेचा मेमो करायचा, त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नातेवाईक किंवा मित्राला कळवायचं. वैद्यकीय तपासणी करायची. वकिलाला भेटू द्यायचं. यातल्या बऱ्याच गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितल्या होत्या, आज त्या कायद्यातच आहेत. त्या निकालाची पार्श्वभूमी कोठडीतल्या मृत्यूंची होती, हे शिकताना लक्षात ठेवा.

चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं घटनेच्या अनुच्छेद २२ नेच सांगितलं आहे, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. हा काळ माणसाला प्रत्यक्ष अडवून ठेवलं त्या क्षणापासून मोजला जातो. संध्याकाळी सातला ताब्यात घेऊन डायरीत सकाळी दहाची अटक दाखवणं ही बेकायदा स्थानबद्धता आहे, आणि मोबाइलच्या लोकेशनवरून ती आज सहज उघडी पडते.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. तिची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर कोठडी नाही, बेडी नाही, बाल पोलीस पथकाकडे द्यायचा. बेडीबद्दल कलम ४३ मध्ये यादी आहे: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, खून, बलात्कार वगैरे. पहिल्यांदाच पकडलेल्या साखळीचोराला बेडी घालून बाजारातून फिरवणं त्या यादीत नाही. बघ्यांची गर्दी टाळ्या वाजवते म्हणून तो कायदा होत नाही.

पायरी ८: चौकशी

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. अपवाद एवढाच, की कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यामुळे एखादी नवी गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. 'साखळी मी चोरली आणि खाणीजवळच्या बाभळीखाली पुरली' यातला पुरल्याचा भाग चालेल, चोरल्याचा नाही. यासाठी आधी निवेदन पंचनामा करतात, मग आरोपी दाखवेल तिथे जाऊन जप्तीचा. जागा पोलिसांना आधीच माहीत असेल तर शोध उरत नाही.

यातून मारहाणीचा प्रश्नही सुटायला हवा. मारून मिळालेल्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य, आणि मारणारा स्वतः गुन्हेगार. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवरच्या अत्याचाराचा आरोप पोलिसांवरच झाला. त्या खटल्यात पोलीस सुटल्यावर देशभर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ही गोष्ट आपल्याच राज्यातली आहे, आणि ती प्रत्येक तुकडीला शिकवली गेली पाहिजे असं मला वाटतं.

पायरी ९: बळाचा वापर

अटकेला विरोध झाला तर गरजेपुरतं बळ वापरता येतं. गरज, प्रमाण आणि थांबणं, हे तीन निकष. विरोध संपला की बळ संपलं. जमिनीवर पडलेल्या माणसाला मारलेली पुढची काठी ही मारहाण आहे. मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा, त्याला पकडण्यासाठी जीव घेण्याचा अधिकार नाही. आपला साखळीचोर पळाला तर धावा, बिनतारीवर कळवा, गोळी झाडू नका. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तर खासगी बचावाचा हक्क तुम्हालाही आहे, तोही प्रमाणातच.

जमावाच्या बाबतीत पाच किंवा अधिक माणसं विशिष्ट बेकायदा उद्देशाने जमली तर तो बेकायदेशीर जमाव होतो. पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचे प्रभारी किंवा त्यांच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक देतात. शिपाई स्वतःहून लाठी चालवत नाही. लाठीचा वार डोक्यावर नको, हे मैदानावर शिकवतात ते याच साठी.

पायरी १०: कोर्ट

सुरुवातीची वर्षं तपास तुमच्या नावावर नसेल, पण साक्ष तुमच्या नावावर येईल: जागा राखणारा, मुद्देमाल नेणारा, संशयिताला धरणारा म्हणून. खटला काही वर्षांनी उभा राहतो आणि तोवर शेकडो चेहरे डोळ्यांखालून गेलेले असतात. त्या रात्री स्टेशन डायरीत आणि स्वतःच्या वहीत काय लिहिलंत, तेवढंच हाती राहतं. म्हणून वेळ, जागा, कोण होतं, तुम्ही काय केलंत, एवढं त्याच पाळीत लिहा. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, वर पांढरं लावू नका.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, आपला जबाब वाचा. उलटतपासणीत प्रश्न पुरता ऐका, विचारलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून एखादा तपशील वाढवलात आणि तो चित्रणाशी जुळला नाही, तर तुमची बाकीची खरी साक्षही पातळ होते.

बदली झाली तरी जुन्या ठाण्याच्या समन्सचा पाठपुरावा ठेवा, बंदोबस्ताची अडचण असेल तर वरिष्ठांमार्फत कोर्टाला आधी कळवा. हजर न राहणाऱ्या पोलीस साक्षीदाराच्या नावानेही वॉरंट निघतं.